जित्या माणसाची रांगोळी

आमच्या रांगोळी मंडळात शिंकायला बंदी होती. खोकायला परवानगी होती, पण रीतसर. हात वर करायचा, दबक्या पावलांनी बाहेर जायचं, अंगणात हवं तेवढं खोकायचं आणि घाम पुसून परत यायचं. शिंकेला मात्र माफी नव्हती, कारण शिंक हात वर करून येत नाही. चोवीस वर्षं मी शिंका गिळल्या. माझ्या कानात सतत कसला तरी आवाज होतो तो वयामुळे, असं सुनेला वाटतं. वयामुळे नाही गो बाय, कलेमुळे.

हा कायदा करणारा माणूस बंदराजवळच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. डॉक्टर गेले, दवाखाना गेला, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पण मालवणात एकदा चिकटलेली पदवी सुटत नाही. आम्ही त्यांना तोंडावर ‘भाऊ’ म्हणायचो आणि पाठ वळली की ‘कंपाउंडर’. खरं नाव मला माहीत आहे, पण सांगणार नाही. ते अजून चालते-बोलते आहेत आणि त्यांना ऐकू फार चांगलं येतं.

ज्याने उभ्या आयुष्यात खलात गोळ्या कुटून पुड्या बांधल्या, त्याने निवृत्त झाल्यावर काय करावं? त्यांनी पुन्हा पुड्याच बांधल्या. फक्त आत औषधाऐवजी रंग आला. कुडाळच्या आठवडी बाजारातून रंग आणायचे, रांगोळीत मिसळून वस्त्रगाळ करायचे आणि एकेका छटेची पुडी बांधून वर बारीक अक्षरात लिहायचं. ‘त्वचा – सावळी – सकाळची.’ ‘त्वचा – सावळी – उन्हातून आलेली.’ ‘ओठ – पान न खाणारे.’ एका पुडीवर नुसतं ‘विचारल्याशिवाय नको’ असं लिहिलेलं होतं. तिच्यात काय होतं ते मला चोवीस वर्षांत कळलं नाही, कारण विचारायची हिंमत झाली नाही.

आम्ही काढायचो ती दारातली ठिपक्यांची रांगोळी नव्हे. माणसांचे चेहरे. देवळाच्या जत्रेत तीन दिवस धर्मशाळेच्या सभागृहात आमचं प्रदर्शन असायचं आणि त्याची तयारी महिनाभर आधीपासून. खिडक्यांच्या फटींना वर्तमानपत्रं चिकटवायची, कारण समुद्रावरचा वारा कुणाचं नाक उडवून नेईल सांगता येत नाही. पंखे बंद. तोंडाला रुमाल. हवेतल्या ओलीने भुकटीच्या गुठळ्या व्हायच्या म्हणून ती घरून तव्यावर भाजून आणायची. त्या तव्यावर मग आठवडाभर निळसर भाकऱ्या होत आणि आमचे हे त्या मुकाट्याने खात. खरी कलासाधना कुणाची, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. काही वर्षांनी सगळ्या जगाला तोंड बांधून बंद खोलीत बसायची वेळ आली, तेव्हा लोक कासावीस झाले. मी म्हटलं, एवढंच ना?

कंपाउंडर रांगोळीकडे चित्र म्हणून बघतच नसत. पेशंट म्हणून बघत. हात पाठीमागे बांधून, चष्मा कपाळावर ढकलून, फरशीवरच्या थोर पुरुषाभोवती एक फेरी मारायचे आणि निदान करायचे.

“ह्येका कावीळ झाली आसा.” म्हणजे पिवळा जास्त झाला.

“ह्येच्या गालार सूज इली. दाढ दुखता काय?” म्हणजे सावली चुकली.

मी पहिल्या वर्षी काढलेल्या चेहऱ्यापाशी ते बराच वेळ उभे होते. शेवटी मान हलवून म्हणाले, “बाई, ह्यो मनीस वाचाचो नाय.”

वाचला नाहीच. जत्रेतले लोक येऊन मला सांगून गेले, “बाई, तुमच्या सासऱ्यांचं छान काढलंय.” माझे सासरे थोर पुरुष नव्हते. पण मी त्या वेळी शाळेत शिकवत होते, चाळिशीच्या अलीकडची होते आणि देवाने आपल्या चिमटीत काहीतरी वेगळं घालून पाठवलंय याविषयी माझी खात्री होती. त्या बाईला आज मी रस्त्यात भेटले तर ओळख दाखवणार नाही. केसांत अबोली, पदराला मुद्दाम ठेवलेला रंगाचा डाग, आणि वाण्याच्या दुकानातसुद्धा गूळ बघताना डोळे बारीक करून म्हणायची, “याच्यात थोडा तांबूस हवा होता.” वाणी बिचारा दुसरी ढेप फोडायचा.

मंडळाचा एक नियम कंपाउंडरांनी शिंकेच्याही वर ठेवला होता. जित्या माणसाची रांगोळी काढायची नाही. फक्त गेलेल्यांची.

“कित्या?” मी एकदा विचारलं.

“जितो मनीस दुसऱ्या दिवशी येवन हुबो रवता आणि सांगता, माझा नाक असा नाय. मेलेलो कधी तक्रार करूक इलो?”

त्यामुळे आमच्या प्रत्येक चेहऱ्यापुढे समई, झेंडूची ओळ आणि पुठ्ठ्याची पाटी असायची. पाटीवर नाव, त्याखाली दोन सालं, मधे आडवी रेघ. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की झोपेत उठवलं तरी आम्ही समई लावली असती.

आणि एक प्रथा होती. चेहरा कुणीही काढो, डोळ्याच्या बुबुळातला शेवटचा पांढरा ठिपका कंपाउंडर घालायचे. प्रदर्शनाच्या सकाळी ते आंघोळ करून येत. पांढऱ्याची पुडी उघडत. ओणवे होऊन, दोन बोटांत मोहरीएवढी भुकटी धरून बुबुळावर सोडत. बस्स. आत्तापर्यंत मेलेला तो माणूस आपल्याकडे बघायला लागायचा. आम्ही बायका कितीही चुरचुरीत बोलणाऱ्या असलो तरी त्या क्षणी गप्प व्हायचो. सोनारवहिनीसुद्धा.

सोनारवहिनी म्हणजे पेठेतल्या सोनारांच्या सूनबाई. मंडळात माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली, याची मी तिला दर वर्षी आठवण करून देत असे. कंपाउंडरांनंतर मंडळ कोण चालवणार यावर आम्हा दोघींत न बोलता युद्ध चालू होतं. ती कान सुरेख काढायची. मी नाक. एकमेकींना आम्ही ‘वा!’ म्हणायचो आणि घरी जाऊन भांडी आपटायचो.

अशी वर्षं गेली. मी निवृत्त झाले, आजी झाले, शहाणी मात्र झाले नाही. मग एका जत्रेच्या सकाळी कंपाउंडर आले, नेहमीची फेरी मारली, माझ्या चेहऱ्यापाशी थांबले आणि खिशातला हात बाहेर न काढता म्हणाले, “ठिपको तुमीच घाला.”

मी? मी घालू? माझे कान तापले. त्यांनी तेच वाक्य सोनारवहिनीला आणि बाकीच्यांनाही सांगितलं, पण ते मी ऐकलंच नाही. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, “शेवटी ओळखलं त्यांनी. गादी मलाच देणार.” हे पेपरातून वर न बघता म्हणाले, “कापसाची?” आठवडाभर मी वेगळ्या चालीने चालत होते. त्यांचा हात दिवसभर खिशातून बाहेर आला नव्हता, हे मी बघितलं होतं. बघितलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष माझ्या गादीवर होतं.

जत्रा संपली, फरशी धुतली आणि कंपाउंडरांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. “पुढच्या वर्सापासून माका धरू नकात,” म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. कारण नाही, भाषण नाही, चहासुद्धा नाही.

आता मालवणात माणूस असा कारणाशिवाय काही सोडतो, हे कुणाला पटतं? बैठक झाली. कुणी म्हणालं, बॅनरवर नाव बारीक छापलं म्हणून रागावले. कुणी म्हणालं, मुलीकडे मुंबईला जाणार. मी म्हटलं, ते काही असो, असं जाऊ द्यायचं नाही. पंचवीस वर्षं मंडळ उभं करणारा माणूस आणि शाल-श्रीफळाशिवाय जातो? लोक काय म्हणतील? लोक काहीच म्हणत नव्हते. म्हणत होते मीच. आतून मला भीती होती ती वेगळीच. इतकी वर्षं ज्यासाठी नवऱ्याला निळ्या भाकऱ्या खायला घातल्या, ते एक माणूस असं किल्ली ठेवून सोडू शकतो, तर मग त्यात होतं काय?

मी ठराव मांडला. पुढच्या जत्रेत त्यांचा सत्कार आणि मधोमध त्यांचीच रांगोळी. त्यांना न कळवता. सोनारवहिनी म्हणाली, “नियमाचा काय? जित्या माणसाची नाय ना काढूची?” मी म्हटलं, “नियम त्यांचा. ते गेले. आता नियम आपला.” हे वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं.

त्यांच्या मुलीच्या लग्नातला फोटो मिळवला. कान सोनारवहिनीने काढले, बाकीचं मी. खरं सांगते, आयुष्यात एकदाच माझ्या हातून माणूस वाचला. कपाळावर ढकललेला चष्मा, खालच्या ओठाची नाराजी, सगळं आलं. फक्त बुबुळातला ठिपका ठेवला. तो त्यांच्याच हातून घ्यायचा, अशी नामी कल्पना होती. कुणाची ते विचारू नका.

जत्रेच्या सकाळी आम्ही पुढे समई लावली. झेंडूची ओळ घातली. पाटी लिहिली. नाव, जन्मसाल, आडवी रेघ. रेघेपुढे अर्थातच काही लिहिलं नाही. आम्ही मूर्ख असलो तरी खोटारड्या नव्हतो. एकीने फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमचे भाऊ.’ भावनेच्या भरात तिला पुढे शब्द सुचले नाहीत.

अर्ध्या तासात गावाने शब्द पुरवले. ‘भावपूर्ण.’ ‘विश्वास बसत नाही.’ ‘काल तर दिसले होते.’ औषधाच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. भजनीबुवांनी मला फोन करून विचारलं, “किती वाजता न्हेतत?” मला वाटलं ते सत्काराबद्दल विचारतायत. मी उत्साहाने म्हटलं, “अकरा वाजता. सगळ्यांका घेवन या!” रेडी गावात दिलेली त्यांची बहीण रडत रडत गाडी करून निघाली.

आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते मासळी बाजारात होते. मासे विकणारी बाई पुढे कित्येक दिवस हा प्रसंग गिऱ्हाइकाला मासळीवर फुकट देत असे. तिच्या हातातला कोयता म्हणे खाली पडला.

“भाऊ! तुमी गेलास ना?”

“खंय?”

“वर.”

“वर काय आसा? बांगडे दी.”

तिने मोबाइल पुढे केला. त्यांनी फोटो बघितला, पिशवी उचलली आणि तडक सभागृहात आले. अकरा वाजले होते. भजनीबुवा टाळ घेऊन हजर. चाळीस-पन्नास माणसं. बहिणीने गळ्यात पडून आधी हंबरडा फोडला आणि मग पाठीत एक धपका घातला. कुणी हसावं की रडावं ते ठरेना.

कंपाउंडर आपल्याच चेहऱ्याभोवती एक फेरी मारून आले. समईकडे बघितलं. पाटीकडे बघितलं. रेघेपुढच्या मोकळ्या जागेकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

“तपासल्याशिवाय सर्टिफिकेट दिलास काय गो?” म्हणाले.

लोक हसले. सुटलो, असं वाटलं. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण थांबेल ती मी कसली! मी पांढऱ्याची पुडी घेऊन पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा शाळेच्या आवाजात म्हटलं, “भाऊ, ठिपको तुमी घालूचो. तुमच्याशिवाय डोळे उघडूचे नाय.”

“हात मासळीचो आसा,” ते म्हणाले.

“मगे धुवा! नळ हंयच आसा.”

माझ्याकडे त्यांनी कसं बघितलं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही. चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेली मी मास्तरीण. ते नळावर गेले. खूप वेळ हात धुतला. परत आले, ओणवे झाले, मी त्यांच्या शेजारी ओणवी झाले आणि मग मला तो हात जवळून दिसला. पाण्याबाहेर काढलेली मासोळी हलते तसा हलत होता. दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट धरलं. तरी हलत होता.

एका क्षणात मला सगळं कळलं. खिसा, किल्ली, ‘माका धरू नकात’. आपला हात लोकांना दिसायच्या आधी या माणसाला घरी जायचं होतं. तेवढंच मागितलं होतं त्याने. आणि मी टाळ-मृदंगासह गाव गोळा करून त्याला मधोमध बसवला होता.

भुकटी सुटली. बुबुळावर नाही. डोळ्याच्या कडेपासून गालावरून खाली ओठापर्यंत पांढरा फराटा गेला.

“अगो बाय, माझो धक्को लागलो!” मी ओरडले.

माझ्या तोंडून ते कसं निघालं देव जाणे. विचार करून निघालं असतं तर याहून बरं निघालं असतं. पण लोकांना हवंच होतं. सगळ्यांच्या माना त्या हाताकडून माझ्याकडे वळल्या. सोनारवहिनीला तर जत्रेचा प्रसाद मिळाला. “इतकी वर्सां झाली! अजून हुबा कसा रवाचा तां कळना नाय तुमका? एवढो चांगलो चेहरो फुकट घालवलास! माझे कान!”

“चुकलां,” मी म्हटलं. हा शब्द मी मंडळात पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा दोघी-तिघींनी माझी तब्येत विचारली.

कंपाउंडर सावकाश उभे राहिले. हात खिशात गेला. शाल घेतली, नारळ पिशवीत बांगड्यांवर ठेवला आणि बहिणीला घेऊन गेले.

पुढच्या बैठकीत ठरलं की बाईंनी आता चेहरे काढू नयेत. किनार काढावी. खरं सांगितलं असतं तर माझी जागा राहिली असती, सगळ्यांनी मला जवळ घेतलं असतं. पण ते खरं माझं नव्हतं, भाऊंचं होतं. मी म्हटलं, “तसेही गुडघे दुखतात माझे. मी थांबते.” इतक्या झटपट माझ्या गुडघ्यांवर कुणी विश्वास ठेवील असं वाटलं नव्हतं. मनात कुठेतरी आशा होती, एक तरी ‘नको ना बाई’ म्हणेल. सोनारवहिनी म्हणाली, “काळजी घ्या.” मी व्हॉट्सॲपच्या गटातून बाहेर पडले. तिघींनी हात जोडले आणि एकीने चुकून केक पाठवला, असं नंतर कळलं.

पहिले काही महिने वाईट गेले. विनोद करून सांगता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बेसन चाळताना बोटं आपोआप चिमूट धरायची. आमटीत हळद पडली की मनात यायचं, कावीळ. भाकऱ्या पांढऱ्या झाल्या. ह्यांनी दोनदा विचारलं, “बरां वाटना नाय काय?”

पुढची जत्रा आली. लाउडस्पीकर घरापर्यंत ऐकू येत होता. दुपारी मी घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून, मला काही फरक पडत नाही असा चेहरा करून बसले होते. फाटक वाजलं. कंपाउंडर. चोवीस वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. मला वाटलं, आभार मानायला आले असतील. वर्षभर मनात ठेवून आज आले. मी मनातल्या मनात ‘छे हो, त्यात काय’ याची तयारीसुद्धा केली.

ते समोर बसले. चष्मा कपाळावर ढकलला.

“धक्को लागलो म्हणून सांगलास,” म्हणाले. “तुमी खंयच्या बाजूक होतास?”

“तुमच्या डावीकडे.”

“पावडर खंयच्या हातात होती?”

“उजव्या.”

“डावीकडसून धक्को लागलो तर पावडर कानार जाता. गालार कशी येतली?” ते खरंच वैतागले होते. “वरीसभर झोप नाय माका. कोणी इचारल्यान असता तर? खोटा बोलूचा तर धड बोला. पेशंटाक चुकीची पुडी दिल्यासारख्या केलास.”

“मग जाऊन सांगू का सगळ्यांना, उजवीकडे होते म्हणून?”

“नको. आता रवांदे.” मग इकडेतिकडे बघत म्हणाले, “सोडलास म्हणे.”

“गुडघे.”

“गुडघे,” त्यांनी मान हलवली. निदान मान्य नसलं की ते अशीच मान हलवत. “चाय मिळात?”

मी चहा आणला. कपबशी टेबलावर ठेवणार होते, तर त्यांनी हात पुढे केला. खिशातला. उजवा. मी बशी त्या हातात दिली आणि दुसरीकडे बघितलं नाही. कप बशीवर वाजायला लागला, चहा काठावरून गेला, टेबलक्लॉथवर मोठा तपकिरी डाग पसरला. आम्ही दोघं त्या डागाकडे बघत राहिलो.

“सावळी,” मी म्हटलं.

“सकाळची,” ते म्हणाले आणि उरलेला चहा प्याले. त्यानंतर तासभर बसले. रांगोळीचं अवाक्षर नाही. बांगड्याच्या भावापासून सुरुवात करून बहिणीच्या सुनेपर्यंत सगळ्यांची निदानं केली. मधे मला एक शिंक आली. ती मी सबंध, मोठ्याने, मान खाली न घालता दिली.

ते गेल्यावर हे आतून आले आणि टेबलक्लॉथकडे बघून म्हणाले, “ह्यां कोणी सांडल्यान?”

भाऊंची खुर्ची कुठे होती, माझी कुठे होती, कप कुठल्या अंगाने कलला असता, हे मी आधी नीट बघून घेतलं.

“माझो धक्को लागलो,” मी म्हटलं.